फ्रीझर बाळाच्या भाजीसाठी, भातासाठी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमध्ये हल्ली बाळाच्या वरच्या अन्नाच्या पाककृती पुष्कळ येतात. त्यांच्या शेवटी बहुधा एक ओळ असते : ‘जास्तीचे करून फ्रीझरमध्ये ठेवा, आठवड्याचे काम हलके होईल.’ काम हलके होते हे खरे आहे. पण काय गोठवायचे, किती वेळात गार करायचे, कोणत्या फ्रीझरमध्ये, किती दिवस आणि बाहेर काढल्यावर पुढे काय, याबद्दल त्या ओळीत काहीच नसते. मोठ्या माणसाचे पोट शिळ्यापाक्याला सरावलेले असते. सहा महिन्यांच्या बाळाचे नसते, आणि जुलाब-उलट्यांनी त्याच्या अंगातले पाणी फार लवकर कमी होते. म्हणून हे पत्र थोडे लांब झाले आहे.

ही गरज कोणाची आहे ते आधी पाहू. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. वरचे अन्न सुरू करायचे ते सहा महिने, म्हणजे १८० दिवस पूर्ण झाल्यावर. कागदावर हिशेब अगदी जुळतो. प्रत्यक्षात रजेतले आठ आठवड्यांपर्यंतचे दिवस प्रसूतीआधी घेता येतात आणि अनेकींना ते घ्यावेच लागतात. म्हणजे उष्टावणाच्या आधीच आई कामावर रुजू झालेली असते, आणि दुपारचे भरवणे आजी, सांभाळणाऱ्या बाई किंवा पाळणाघराकडे जाते. या घरांना रविवारी दोन तास खपून आठवड्याची तयारी करून ठेवता आली तर हवीच आहे. शिवाय पाकीटबंद बालआहारातल्या साखरेवरून २०२४ मध्ये जी चर्चा झाली, तिच्यानंतर घरच्या अन्नाकडे वळलेले पालकही बरेच आहेत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : तयार जेवण गोठवू नका, जेवणाचे भाग वेगवेगळे गोठवा. भाजी, घोटलेली डाळ आणि चिकन-मासे फ्रीझरमध्ये. भात, पेज, खिमट (भाजलेल्या तांदूळ-डाळीच्या रव्याची घट्ट पेज) रोज ताजे.

भात का नको? कच्च्या तांदळावर ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूची बीजे सर्रास असतात. ती शिजवण्याने मरत नाहीत. शिजवलेला भात ओट्यावर कोमट पडून राहिला की ती बीजे रुजतात, जिवाणू वाढतात आणि उलट्या घडवणारे विष तयार करतात. हे विष एकदा तयार झाले की पुन्हा उकळून जात नाही. कुकरच्या शिट्टीलाही ते दाद देत नाही. म्हणून ‘देताना नीट गरम केले होते’ हा खुलासा इथे कामाचा नाही. अगदी झटपट गार करून भात गोठवला तर तो सुरक्षित राहतो, हे मान्य. पण मग दुसरी अडचण येते. गार होताना तांदळाच्या पिठूळ भागातले पाणी बाहेर फेकले जाते. वितळल्यावर वाटीत एकीकडे पाणी आणि एकीकडे रवाळ, घट्ट गोळे दिसतात. वाफेवर तो पुष्कळसा पूर्ववत होतो, पण कणी राहते आणि बाळ तोंडातून बाहेर ढकलते. एवढा खटाटोप ज्यासाठी करायचा, ती गोष्ट ताजी करायला दहा-बारा मिनिटे लागतात. कारण आपल्याकडे खिमट आहे.

खिमट ज्यांच्या घरी आता होत नाही त्यांच्यासाठी प्रमाण : दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ धुऊन, निथळून कापडावर सावलीत पूर्ण वाळवावी. मंद आचेवर तांदूळ किंचित फुलून खमंग वास येईपर्यंत भाजावे, शेवटी चमचाभर जिरे. गार झाल्यावर मिक्सरमधून रव्याइतके जाड काढावे. ओलावा राहिला तर आठवड्यात कुबट वास येतो, म्हणून वाळवण्याची घाई नको. हवाबंद बरणीत महिनाभर टिकते, पावसाळ्यात ती बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. एका वेळेला सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे पोह्याचा एक भरगच्च चमचा खिमट, शंभर मिलिलिटर पाण्यात गुठळी मोडून घालावे आणि ढवळत शिजवावे. घट्ट हवे. चमचा तिरका केला तर चटकन ओघळू नये.

आता या वाटीत फ्रीझरमधले काय घालायचे याचा हिशेब. २० मिलिलिटरचा एक डाळीचा क्यूब (बर्फाच्या ट्रेच्या एका खणात गोठवलेला तुकडा), तेवढेच दोन भाजीचे आणि वरून चमचाभर (५ मिलिलिटर) साजूक तूप. अशा एका वाटीत १२० किलोकॅलरीच्या आसपास ऊर्जा असते. अंगावर पिणाऱ्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५०. म्हणजे अशा दोन वाट्यांत सुरुवातीच्या महिन्यांचे भागते. यातला तुपाचा चमचा काढला तर वाटीतली जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा गेली. आणि डाळ शिजवून तिच्यावरचे पाणीच भरवले, तर पोट भरते पण पदरात काही पडत नाही. वरणाचे पाणी ट्रेमध्ये गोठवण्याचा सल्लाही आमच्या वाचनात आला आहे. तो बर्फच आहे.

तूप गोठवण्याआधी घालू नये, देताना घालावे. स्निग्ध पदार्थ फ्रीझरमध्येही हळूहळू खवट होतात. लिंबाच्या थेंबांचेही तसेच. साठवणीत क जीवनसत्त्व घटत जाते, आणि डाळीतले, पालेभाजीतले लोह अंगी लागायला ते लागते. सहा महिन्यांनंतर जन्मतः मिळालेला लोहाचा साठा संपत आलेला असतो, तेव्हा वाटीत दोन-चार थेंब ताजे लिंबू पिळणे ही हौस समजू नये.

गोठवायला सगळ्यात गुणी भाजी लाल भोपळा. अर्धा किलोची फोड घेतली तर साल-बिया काढून चारशे ग्रॅमच्या आत-बाहेर उरते. फोडी कुकरच्या डब्यात पाणी न घालता वाफवाव्यात, दोन शिट्ट्या पुरतात. भोपळा स्वतःच पाणी सोडतो. वरून घातले तर क्यूब बर्फाळ होतो. एवढ्यात पंधरा ते अठरा क्यूब होतात. गाजर आणि रताळे असेच, फक्त गाजराला शिट्टी एक जास्त आणि मधला कडक दांडा काढून टाकावा. मटार शिजवून वाटल्यावर गाळणीतून किंवा पुरणयंत्रातून काढावा, कारण त्याची साले मिक्सरमध्येही नीट वाटली जात नाहीत आणि बाळाला ठसका लागतो. बटाटा मात्र वगळा. मिक्सरमध्ये तो चिकट होतो आणि गोठवल्यावर रवाळ.

पालक, लाल माठ, चाकवत यांची एक वेगळी सावधगिरी आहे. पालेभाज्यांमध्ये नायट्रेट जास्त असते, आणि शिजवलेली पालेभाजी खोलीच्या तापमानाला पडून राहिली तर जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. ते लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करते. म्हणून पालक उकळत्या पाण्यात दोन मिनिटे टाकून काढावा, ते पाणी फेकून द्यावे, वाटून लगेच गार करून गोठवावा. पालकाचा क्यूब सकाळी काढून दुपारपर्यंत वाटीत ठेवणे बरोबर नाही. एका जुडीत फार तर सहा-आठ क्यूब निघतात, तेव्हा जुडी मोठी दिसली म्हणून दोन ट्रे मोकळे करून बसू नका.

मुगाची किंवा मसुराची डाळ १०० ग्रॅमला ३०० मिलिलिटर पाणी, तीन-चार शिट्ट्या, मग रवीने घोटावी. मिक्सरची गरज नसते. वीसेक क्यूब होतात. हळदीची चिमूट चालेल, मीठ नको. वर्षाच्या आत मीठ-साखर घालायचीच नाही. घरातल्यांना ते अळणी लागते म्हणून चव घेऊन मीठ टाकले जाते. बाळाची तक्रार नसते.

चिकन २०० ग्रॅम बिनहाडाचे, वाटीभर पाण्यात कुकरला तीन शिट्ट्या. त्याच पाण्याचे चार-पाच चमचे घालून मिक्सरमध्ये बारीक करावे. कोरडेच फिरवले तर भुसा होतो. दहा-अकरा क्यूब होतात. मांसातले लोह डाळीतल्या लोहापेक्षा सहज शोषले जाते, त्यामुळे ज्या घरात खाणे निषिद्ध नाही तिथे बाळाला ‘एवढ्यात नको’ म्हणण्याचे कारण नाही. कलेजीत लोह भरपूर असले तरी अ जीवनसत्त्वही फार असते. ती आठवड्यातून एकदा, एका क्यूबपुरती. माशांमध्ये पापलेट सोयीचे : काटे थोडे आणि मोठे. वाफवून, बोटांनी दोनदा चाचपून मगच कुस्करावे. मिक्सरमध्ये काटा दिसेनासा होतो, नाहीसा होत नाही. बर्फातून आलेला कच्चा मासा वितळवून कच्चाच परत गोठवू नये. शिजवून गोठवता येतो.

काही गोष्टी गोठवण्याच्या भानगडीत पडूच नये. केळे बारा महिने दाराशी मिळते आणि गोठवल्यावर काळे पडते. दह्याचे पाणी सुटते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा चिवट होतो. हापूसचा रस हा अपवाद म्हणावा लागेल, कारण बाळ सहा महिन्यांचे होते तेव्हा बाजारात आंबा असेलच असे नाही. रस दोन-तीन मिनिटे उकळी येईपर्यंत ढवळून, गार करून गोठवावा. साखर अर्थातच नाही.

आता भांडी. ट्रेच्या एका खणात किती मावते ते एकदा मोजून घ्यावे. त्यासाठी पातळ औषधाच्या बाटलीवरचे मापाचे टोपण उत्तम. त्यावर ५ आणि १० मिलिलिटरच्या खुणा असतात. आपल्याकडचे खण साधारण १५ ते २५ मिलिलिटरचे निघतात. मिक्सरचे मसाल्याचे भांडे बाळासाठी वापरू नये. पात्याखाली आणि झाकणाच्या रबरी कड्यात जुना मसाला आणि ओल दोन्ही असतात. चटणीचे एक छोटे भांडे वेगळे ठेवावे आणि रबर काढून धुवावे. गरम अन्न प्लॅस्टिकमध्ये ओतू नये. आणि ओट्यावरचे ओले फडके धुतलेल्या ट्रेच्या आसपासही फिरकू देऊ नये. ट्रे धुऊन उन्हात वाळवलेला बरा.

एक चूक फार मोठी आणि फार साधी आहे. सगळे नीट शिजवायचे आणि वाटताना घट्ट वाटले म्हणून मिक्सरमध्ये अर्धी वाटी कच्चे पाणी घालायचे. शिजवण्याने जे साधले ते तिथेच संपते. फिल्टरचे पाणीही नको. शिजवतानाचेच किंवा उकळून गार केलेले घालावे.

खरा धोका मात्र शिजवणे संपते तिथून ट्रे फ्रीझरमध्ये जाईपर्यंतच्या वेळात असतो. साधारण ६० अंश सेल्सियसच्या खाली आणि ५ अंशांच्या वर जिवाणू झपाट्याने वाढतात. एप्रिलमध्ये विदर्भात किंवा खानदेशात स्वयंपाकघर चाळीस अंशांना टेकते, तिथे ‘गार व्हायला ठेवले’ या शब्दांना काही अर्थ नसतो. ते गार होतच नाही, कोमट राहते. झाकण ठेवलेल्या खोल पातेल्यातली डाळ तर मधोमध तीन-तीन तास कोमट असते. म्हणून शिजलेला पदार्थ लगेच पसरट ताटात बोटभरापेक्षा कमी जाडीने पसरावा. ते ताट परातीतल्या गार पाण्यात ठेवावे, पाण्यात बर्फ असेल तर उत्तम, आणि स्वच्छ चमच्याने दर दोन-तीन मिनिटांनी हलवावे. पंधरा-वीस मिनिटांत पदार्थ हाताला गार लागतो. पंख्याखाली उघडे ठेवू नये, धूळ आणि माश्या दोन्ही येतात. वर जाळी असावी. मग ट्रे भरून, झाकून थेट फ्रीझरमध्ये. शिजल्यापासून फ्रीझरपर्यंत तासाभराच्या आत पोचायला हवे, आणि दोन तास उलटले असतील तर तो पदार्थ घरातल्या मोठ्यांनी खाऊन टाकावा, तोही भात नसेल तर.

गोठवण्याने जिवाणू मरत नाहीत, फक्त थांबतात. आत जाताना जेवढे होते तेवढे बाहेर येतात आणि पुन्हा कामाला लागतात.

फ्रीझरबद्दल थोडे विस्ताराने, कारण पाककृती लिहिणारे बहुतेक जण दोन दारांचा फ्रिज गृहीत धरतात. महिन्या-दोन महिन्यांची साठवण जी सांगितली जाते ती उणे १८ अंशांना. एक दाराच्या फ्रिजमधला वरचा कप्पा तिथवर पोचतोच असे नाही. कप्प्यावर किंवा सोबतच्या पुस्तिकेत बर्फाच्या चांदण्या छापलेल्या असतील तर पाहाव्यात : एक म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. दारावर चिकटवलेल्या वीजबचतीच्या पाच ताऱ्यांचा याच्याशी काही संबंध नाही; तो घोटाळा दुकानातही होतो. चांदण्या एक-दोनच असतील किंवा काहीच कळत नसेल, तर साठवण एका आठवड्यापुरतीच. उणे १८ची खात्री असेल तरी आम्ही भाजी-डाळीला एक महिना आणि चिकन-माशांना पंधरा दिवस एवढेच सांगतो. त्यापुढे लगेच विषबाधा होते असे नव्हे. चव जाते, कडा पांढऱ्या, कोरड्या पडतात, आणि तोवर बाळाला तो पोत नकोसा झालेला असतो.

एक दाराच्या फ्रिजमध्ये कप्प्याचा तळच सर्वात थंड असतो. ट्रे तळाला पूर्ण टेकलेला हवा, मटारच्या पिशवीवर कलंडलेला नको. खालून पुसून कोरडा करून ठेवावा, नाहीतर तो तळाला चिकटतो आणि सुरीने उचकटताना गॅसची नळी फुटते. एका वेळी दोनच ट्रे. चार एकदम ठेवले तर कप्प्याला सगळे गोठवायला रात्र पुरत नाही. गोठणे जितके हळू, बर्फाचे स्फटिक तितके मोठे. ते भाजीच्या पेशी फोडतात आणि वितळल्यावर पाणी सुटते. भोपळ्याचा क्यूब पाणचट झाला की दोष बहुधा भोपळ्याचा नसतो.

याच फ्रिजला डीफ्रॉस्टचे बटण असते. बर्फ बोटाच्या पेराएवढा साचला की कोणीतरी रात्री ते दाबते. सकाळपर्यंत क्यूब वितळतात, फ्रिज पुन्हा सुरू होतो, दुपारी ते पुन्हा दगडासारखे होतात आणि कोणालाच काही कळत नाही. लांबलेल्या भारनियमनातही हेच घडते. यावर एक सोपा पहारेकरी आहे. छोट्या वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवावे. नाणे वरच असेल तर ठीक. बर्फात बुडालेले दिसले तर मध्यंतरी सगळे वितळून गेले होते, आणि ते सर्व टाकून द्यावे. वास घेऊन ठरवू नये, कारण विषारी झालेले अन्न वासाला चांगले असू शकते. डीफ्रॉस्ट करायचे तर साठा संपलेल्या दिवशीच करावे. वीज गेल्यावर दार उघडून ‘किती वितळले’ पाहू नये.

सहा-आठ तासांत क्यूब टणक झाले की ते ट्रेमध्येच राहू देऊ नयेत. उघडे राहिले की शेजारच्या बोंबलाचा वास धरतात. खाद्यपदार्थांसाठीच्या जाड पिशवीत किंवा झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरावे, पदार्थ आणि तारीख लिहून चिकटवावे. ‘आठवेल’ असे वाटते, पण गोठलेला भोपळा आणि गोठलेले गाजर ओळखून दाखवणारा अजून भेटायचा आहे. सगळ्या भाज्या एकत्र वाटून ‘मिक्स’ करू नये. नवा पदार्थ सुरू केल्यावर तीन दिवस दुसरा नवा द्यायचा नसतो, तरच पुरळ किंवा जुलाब कशाने झाले ते कळते. शिवाय सगळे एकत्र केले की रोज एकच तपकिरी चव.

बाहेर काढताना ओट्यावर वितळवणे बंद करावे. आदल्या रात्री वाटीत काढून खालच्या कप्प्यात ठेवावे आणि २४ तासांत वापरावे, किंवा गोठलेलाच क्यूब स्टीलच्या वाटीत घालून, वाटी उकळत्या पाण्याच्या कढईत ठेवून झाकावी. सात-आठ मिनिटांत पातळ होतो. पण तिथे थांबू नये, मधोमध बुडबुडे येऊन वाफा निघेपर्यंत तापवावे आणि मग कोमट करावे. मायक्रोवेव्हमध्ये कडेला चटका आणि मध्ये बर्फ राहतो, तेव्हा ढवळून दोन मिनिटे थांबावे आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहावा. एकदा वितळलेले पुन्हा गोठवायचे नाही, एकदा तापवलेले पुन्हा तापवायचे नाही. बाळाच्या तोंडात गेलेला चमचा ज्या वाटीत बुडाला ती वाटी त्याच जेवणाची. म्हणून आधी थोडे वेगळ्या वाटीत घ्यावे आणि लागेल तसे स्वच्छ चमच्याने वाढावे.

डाळीचा क्यूब घालून खिमट फार घट्ट झाले तर पाणी ओतून पातळ करण्यापेक्षा एक जुना उपाय सरस आहे : मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीचे पीठ. मोड येताना धान्यात जे द्रव्य तयार होते ते पिठूळ भाग तोडते. वाटी चटका बसण्याच्या जरा खाली आली की अर्धा चमचा पीठ घालून दोन-तीन मिनिटे ढवळावे. ते डोळ्यांदेखत सैल होते, पाणी न वाढता. मग पुन्हा एक उकळी द्यावी, कारण पीठ कच्चे आहे. मोडाची नाचणी खमंग भाजून दळली असेल तर ही किमया होत नाही; भाजण्याने ते द्रव्य नष्ट होते. बाजारी नाचणीसत्त्वाने असे का होत नाही, याचे कारण बहुधा हेच.

साठा किती करावा? दिवसाला दोन जेवणे, दर वेळी तीन क्यूब, म्हणजे आठवड्याला बेचाळीस. तीन-चार ट्रेचे काम. आमचा आग्रह आठवड्याचा, फार तर दहा दिवसांचा, आणि त्याचे कारण फ्रीझर नसून बाळ आहे. सहाव्या महिन्यात गुळगुळीत लागते, सातव्यात पुरणयंत्राच्या जाड चाळणीतून काढलेले चालते, आठव्यात डावाने ठेचलेले. नऊ-दहा महिन्यांपर्यंत बोटाने दबेल इतका मऊ तुकडा तोंडात गेलाच पाहिजे. दोनशे क्यूब करून ठेवलेल्या घरात तो साठा संपवण्यासाठी बाळ दहाव्या महिन्यापर्यंत पेस्टच खात राहते, आणि मग ‘दोन वर्षांचा झाला तरी चावत नाही’ म्हणून दवाखान्यात येते. आठव्या महिन्यापासून ट्रे बाजूला ठेवून तुकडे गोठवावेत : गाजराचे बोटाएवढे मऊ शिजवलेले तुकडे ताटलीत सुटे मांडून आधी गोठवायचे, टणक झाले की पिशवीत. आधीच पिशवीत भरले तर एकच गोळा होतो.

मधाबद्दल एक वाक्य, कारण चाटण आणि उष्टावणाच्या निमित्ताने तो अजून दिला जातो : वर्षाच्या आत मध नाही, शिजवलेल्यातही नाही आणि गोठवलेल्यातही नाही. त्यात असू शकणारी बोटुलिझम या घातक विषबाधेच्या जिवाणूची बीजे दोन्हींना पुरून उरतात.

शेवटी पाळणाघराचा डबा. सकाळी आठला गरम करून साध्या ‘हॉट’ डब्यात भरलेले खिमट बाराला कोमट असते, म्हणजे नेमके नको त्या तापमानाला. पाळणाघरात फ्रिज आणि शेगडी असेल तर क्यूब गोठलेलेच स्टीलच्या डब्यात, बर्फाच्या पॅकसह द्यावेत, कोरडे खिमट पुडीत वेगळे, आणि तूप वेगळे. सोय नसेल तर चांगल्या थर्मासमध्ये आधी दहा मिनिटे उकळते पाणी भरून ठेवावे, ते ओतून देऊन वाफाळते अन्न काठोकाठ भरावे आणि उघडल्यावर वाफ दिसली तरच भरवायला सांगावे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा २०१७ च्याच दुरुस्तीने बंधनकारक केली आहे. जिथे ती खरोखर मिळते, तिथे डब्याचा प्रश्न निम्मा सुटतो आणि दूधही चालू राहते.

आपल्या पुरवणीत बाळाची पाककृती छापताना तिच्याखाली एवढे तरी द्यावे अशी विनंती आहे : कोणत्या महिन्याच्या बाळासाठी, किती वेळात गार करायचे, गोठवता येते की नाही, आणि येत असेल तर किती दिवस.

कळावे,
बालआहार क्षेत्रात काम करणाऱ्या काही आहारतज्ज्ञ आणि परिचारिका, पुणे